निंदणाऱ्या बाया आणि देशाचे स्वावलंबन

जनुकीय बदल केलेल्या बियाण्यांवरून आपल्या देशात वीस-पंचवीस वर्षे जो वाद चालला आहे, त्यात दोन्ही बाजूंच्या तोंडी एकच शब्द आहे : स्वावलंबन. एक बाजू म्हणते, हे बियाणे आले नाही तर देश अन्नासाठी परक्यांच्या दारात उभा राहील. दुसरी म्हणते, हे आले तर देश कंपन्यांच्या दारात उभा राहील. दारात उभे राहण्याचा अनुभव ज्यांना पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे, त्यांना मात्र कोणी साक्षीला बोलावलेले नाही.

१९५६ मध्ये पी. एल. ४८० खाली अमेरिकेशी करार झाला आणि गव्हाची जहाजे येऊ लागली. १९६६ मध्ये मेक्सिकोहून १८,००० टन गव्हाचे बियाणे आणले गेले. हरितक्रांतीची कथा तेथून सांगतात. या दोहोंच्या मध्ये, डिसेंबर १९६४ पासून, दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली भूमिहीन माणसे पडीक जमिनीसाठी तुरुंग भरीत होती. अन्नटंचाईच्या इतिहासात जहाजे येतात, हे तुरुंग सहसा येत नाहीत. बियाणे आयात करावे लागले. जमीन तर येथेच पडून होती.

कापसाचे पाहा. १९७० मध्ये सुरतच्या संशोधन केंद्रातून डॉ. सी. टी. पटेल यांनी 'एच-४' हा संकरित वाण दिला. सरकारी केंद्रातला, देशी बुद्धीचा; अभिमान वाटावा असाच. पण संकराची सरकी राखून पुढल्या साली पेरली तर तसे पीक येत नाही, बियाणे दरसाल विकत घ्यावे लागते. २६ मार्च २००२ रोजी महिको-मोन्सॅन्टोच्या बीटी कपाशीला परवानगी मिळाली तीही संकरित वाणांनाच. म्हणजे जनुक बाहेरचे असले तरी दुकानाची वाट आधीच मळलेली होती. नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आणि धारवाडचे कृषी विद्यापीठ यांनी घरी राखता येईल असा 'बिकानेरी नरमा' बीटी वाण २००९ मध्ये शेतकऱ्यांपर्यंत आणला. त्यात मोन्सॅन्टोचेच जनुक निघाले आणि तो मागे घ्यावा लागला.

बीटीने बोंडअळी काही वर्षे आटोक्यात ठेवली, हे नाकारण्यात अर्थ नाही. पुढे गुलाबी बोंडअळी ते विष पचवू लागली, रसशोषक किडी होत्याच, आणि पंप पुन्हा पाठीवर चढले. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे मेली. त्यांत रोजाने फवारणारे मजूर होते. पंप ज्याच्या पाठीवर, सातबारा त्याच्याच नावावर असतो असे नाही.

जून २०१९ मध्ये अकोला जिल्ह्यातील अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने तणनाशक सोसणारी, परवानगी नसलेली कपाशी जाहीरपणे पेरली. युक्तिवाद सरळ होता : निंदणाला मजूर मिळत नाहीत, मिळाले तर परवडत नाहीत. ही अडचण खोटी नाही. कापसाला भाव नसला की शेतकरी मजुरीतच कात्री लावणार. पण वहीत जो निंदणाचा खर्च, तीच खुरपे घेऊन ओळीत बसलेल्या बाईची पावसाळ्यातली कमाई असते. विरोधकांनी जमीन, मधमाशी, ग्राहकाचे आरोग्य यांविषयी पुष्कळ लिहिले. या बाईविषयी फार थोडे. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीच्या बहुमताने २०१३ मध्ये ग्रामीण उपजीविकेचा मुद्दा नोंदविला, तो अपवाद.

दिल्ली विद्यापीठात तयार झालेल्या जनुकीय मोहरीला ऑक्टोबर २०२२ मध्ये मंजुरीची शिफारस झाली. देश निम्म्याहून अधिक खाद्यतेल बाहेरून आणतो, तेव्हा येथेही स्वावलंबनाचाच दाखला. तिच्यातही तणनाशक सोसणारे जनुक आहे. जुलै २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींचे तिच्यावर एकमत झाले नाही.

निंदण हे काही पवित्र काम नव्हे. वाकून पाठ मोडणारे हे काम जावे असेच तिलाही वाटेल. बाबासाहेबांनी १९१८ च्या लहान शेतधारणेवरील निबंधात शेतीवरचे जादा मनुष्यबळ उद्योगांकडे वळवावे असेच सांगितले. औद्योगिकीकरण हा त्या मांडणीचा पाया होता. कापूसपट्ट्यात तणनाशक खेड्यातल्या दुकानापर्यंत पोचले, कारखाना पोचला नाही. निंदण सुटलेल्या बाईच्या हाती मग वेचणी राहते, आणि ती सुरू व्हायला दिवाळी जवळ यावी लागते.