ब्रह्मकमळ (निवडुंग)
(लॅ. एपिफायलम ऑक्सिपेटॅलम, कुल-कॅक्टेसी). रात्री फुलणारा अपिवनस्पती निवडुंग. मूलस्थान दक्षिण मेक्सिको व मध्य अमेरिका. तेथील दमट अरण्यांत तो मोठ्या वृक्षांवर वाढतो, मात्र त्यांचा अन्नरस शोषत नाही. आपण ज्यांना पाने समजतो ती खरे तर चपटी, हिरवी खोडे होत. त्यांच्या कडांवरील खाचांतून कळ्या येतात. कळीचा लांब देठ भासणारा भाग ही फुलाचीच नळी असते. फूल सु. ३० सेंमी. लांब. अंधार पडल्यावर कळी हळूहळू उघडते, मध्यरात्रीच्या सुमारास पांढऱ्याशुभ्र पाकळ्या पूर्ण पसरतात आणि पहाटे फूल मान टाकते. रंग, दरवळ व खोल नळीतील मध ही सारी योजना निशाचर पतंगांसाठी आहे. इतके देखणे फूल एका रात्रीपुरतेच, म्हणून महाराष्ट्रात ते उमलताना पाहायला शेजारीपाजारी जमतात, काही घरी त्याची पूजाही होते. हिमालयातील ब्रह्मकमळ (सॉसुरिया ऑब्वॅलाटा) मात्र सूर्यफुलाच्या कुलातील, सर्वस्वी वेगळे. नावाच्या सारखेपणामुळे दोन्हींची गल्लत करू नये. निवडुंग ब्रह्मकमळाच्या खोडाचा तुकडा ओलसर, निचऱ्याच्या मातीत खोचला की त्याला मुळे फुटतात.