कर्नल शीर्षफायली (क्रॉस-कंपायलर संचासाठी)
एका संगणकावर बसून दुसऱ्या जातीच्या प्रोसेसरसाठी प्रोग्रॅम बांधताना, सी-लायब्ररीला लक्ष्य-यंत्रणेच्या कर्नलशी बोलण्याचे नियम पुरवणाऱ्या फायली. येथे लिनक्सचा विचार केला आहे (पहा : लिनक्स, कंपायलर).

पूर्वी या फायली कर्नलच्या अंतर्गत फायलींत मिसळलेल्या असत व वितरक त्या हाताने वेगळ्या काढत. २००६ मध्ये आवृत्ती २.६.१८ पासून त्या वेगळ्या काढणारी ‘हेडर्स-इन्स्टॉल’ ही आज्ञा आली. २०१२ च्या आवृत्ती ३.७ मध्ये वापरकर्त्यासाठीच्या फायलींना ‘यूएपीआय’ नावाची स्वतंत्र निर्देशिका मिळाली.

‘हेडर्स-इन्स्टॉल’ ही आज्ञा देताना ‘आर्च’ या चलात लक्ष्य-प्रोसेसर सांगतात; स्थापनेचा मार्ग वेगळा सांगतात. कर्नलमध्ये जो ‘आर्म६४’, तोच जीसीसी या कंपायलरमध्ये ‘एआर्च६४’. नवख्याची गफलत बहुधा इथेच होते. फायली ‘सिसरूट’मधील (लक्ष्य-यंत्रणेच्या फायली ठेवण्याच्या निर्देशिकेतील) ‘यूएसआर/इन्क्लूड’मध्ये पडतात आणि कर्नलपुरते भाग गाळले जातात. कर्नल बांधावा लागत नाही, क्रॉस-कंपायलरही लागत नाही; म्हणून ही पायरी जीलिबसी या सी-लायब्ररीच्या बांधणीआधी उरकता येते (पहा : जीलिबसी).

प्रोसेसर चुकला तर सिस्टिम-कॉलचे क्रमांकच बदलतात : ‘राइट’चा क्रमांक एक्स८६-६४ वर १, ३२-बिटी आर्मवर ४, आर्म६४ वर ६४ आहे (पहा : सिस्टिम कॉल). शीर्षफायली चालत्या कर्नलपेक्षा नव्या असल्या तरी बांधणी होते. मात्र त्या कर्नलला ठाऊक नसलेला कॉल ‘ईनोसिस’ ही त्रुटी परत करतो. जीलिबसी किमान कोणत्या कर्नलवर चालावी, हे तिच्या ‘एनेबल-कर्नल’ या पर्यायाने ठरते.