स्वयंचलित सूक्ष्मदर्शन

स्वयंचलित सूक्ष्मदर्शन ही सूक्ष्मदर्शक, कॅमेरा व संगणक यांच्या साहाय्याने जिवंत पेशींची दीर्घकाळ पाहणी करण्याची पद्धती आहे. क्वचित आणि अल्पकाळ घडणारे पेशीतील बदल टिपण्यासाठी ती वापरतात.

कार्यपद्धती

तीव्र प्रकाशाने जिवंत पेशींना इजा होते. म्हणून आरंभी मंद प्रकाशात, ठरावीक अंतराने अनेक पेशींची छायाचित्रे घेतली जातात. अपेक्षित बदलाची चिन्हे आढळताच संगणक त्या पेशीची छायाचित्रे अधिक वेगाने व तपशिलाने घेऊ लागतो.

सिकलसेल संशोधन

सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार महाराष्ट्रातील अनेक आदिवासी समाजांत आढळतो. त्यात प्राणवायू कमी झाल्यावर तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात व सूक्ष्म रक्तवाहिन्या अडवू शकतात. आकार बदलण्यास लागणारा वेळ प्रत्येक पेशीत निराळा असतो. बदलापूर्वीच पेशी केशवाहिनीतून पुढे गेल्यास अडथळा टळतो. हा वेळ मोजण्यासाठी व औषधांचा परिणाम पाहण्यासाठी ही पद्धती उपयुक्त ठरते.

मर्यादा

केवळ पेशींच्या आकारावरून वाहक व रुग्ण यांतील भेद निश्चित होत नाही. त्यासाठी विद्राव्यता चाचणीनंतर हिमोग्लोबिनचे इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी परीक्षण करावे लागते. आई-वडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक अपत्याला आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. त्यामुळे पालघर जिल्ह्यातील जव्हार, मोखाडा यांसारख्या आदिवासीबहुल तालुक्यांत विवाहपूर्व तपासणी महत्त्वाची ठरते. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय अभियानाने २०४७ पर्यंत सिकलसेल निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले आहे.