परतीचे भाडे

काटोलहून संत्र्यांच्या पेट्या भरून मालमोटार दूरच्या बाजाराकडे निघाली, की मालकाच्या मनात एकच हिशेब घोळत असतो : जाताना माल आहे, येताना काय? गाडी रिकामी परतली तर नफा वाटेतच सांडतो. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत मुंबईहून निघालेल्या काही मालमोटारींनी मात्र परतीचे असे भाडे आणले, की त्याची नोंद कोणत्याही व्यापाऱ्याच्या खतावणीत सापडणार नाही.

सप्टेंबर 1939 मध्ये पश्चिमेकडून जर्मनी आणि पूर्वेकडून सोव्हिएत रशिया, असे पोलंडवर दुहेरी आक्रमण झाले. पूर्व पोलंडमधील कुटुंबेच्या कुटुंबे मालडब्यांत कोंबून सायबेरियात आणि कझाकस्तानात धाडण्यात आली. जून 1941 मध्ये हिटलर रशियावर उलटला आणि कालचे वैरी दोस्त झाले. 30 जुलै 1941 च्या करारानंतर या हद्दपारांची सुटका झाली खरी. पण सुटका म्हणजे घर नव्हे. उबेच्या आशेने ती माणसे मध्य आशियाकडे सरकली आणि तेथे भूक व टायफस त्यांची वाट पाहत उभे होते.

पोलंडचे मुंबईतील वाणिज्यदूत यूजेनियुश बानाशिन्स्की आणि पोलिश रेडक्रॉसचे काम पाहणाऱ्या त्यांच्या पत्नी किरा यांनी या माणसांसाठी मदत गोळा केली. औषधे, कपडे आणि अन्न घेऊन मोटारींचा तांडा निघाला. क्वेट्टा, बलुचिस्तानचे वाळवंट, इराणातील झाहेदान व मशहद आणि शेवटी डोंगर ओलांडून अश्गाबाद, अशी ती वाट. माल पोहोचला, परंतु हजारोंच्या भुकेपुढे काही मोटारींचे सामान ते किती पुरणार?

येथे एक साधा, पण मोठा विचार कामी आला. अन्न मुलांपर्यंत पुरेसे जात नसेल, तर मुलांनाच अन्नापर्यंत न्यावे. रिकाम्या झालेल्या त्याच मोटारींत अश्गाबादच्या अनाथालयातील मुले बसवली गेली आणि 1942 साली ती मुंबईस पोहोचली. त्यांतली सगळीच पोरकी नव्हती. पोर जगावे म्हणून आईने स्वतःच्या हाताने अनाथालयात सोपवलेली मुलेही अशा जथ्यांत होती. त्या मातांच्या मनाचा हिशेब कोण मांडणार?

मुलांचा पहिला मुक्काम वांद्र्यास पडला. मग नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंह यांनी बालाचडी येथे त्यांच्यासाठी छावणी उभारली. पुढे इराणमार्गे आणखी निर्वासित आले आणि 1943 साली कोल्हापूरजवळ वळिवडे येथे सुमारे पाच हजारांची वसाहत वसली. त्यांत बहुतेक स्त्रिया आणि मुलेच होती. शाळा, दवाखाना, प्रार्थनामंदिर, नाटके, सारे तेथे होते. पंचगंगेच्या परिसरात पोलंडमधले एक गावच नांदू लागले.

युद्ध संपले, पण त्यांच्या परतीची वाट मोकळी झाली नाही. पूर्व पोलंड नव्या सीमारेषेपलीकडे, रशियाकडे गेला होता. ज्या घरी परतायचे ते घरच परमुलखात पडले. 1948 पर्यंत वळिवड्याची वसाहत मोडली आणि माणसे इंग्लंड, ऑस्ट्रेलिया अशा दूरदेशी पांगली. त्यांनी सोडलेल्या त्याच बराकींत फाळणीने उखडलेले सिंधी निर्वासित राहावयास आले. आजचे गांधीनगर ते हेच. एका युद्धाने बांधलेली घरे दुसऱ्या विपत्तीच्या उपयोगी पडली.

पोलंडच्या राजधानीत, वॉर्सा शहरात, आज कोल्हापूरचे नाव कोरलेले एक स्मारक आहे. वाटलेले धान्य काही दिवसांत संपते, औषधाची बाटली रिकामी होते. मदत केवळ पोचवून न थांबता ज्यांनी माणसेच उचलून आणली, त्यांच्या कामाची पोच मात्र नातवंडांच्या पिढीपर्यंत मिळत राहते.