पैसे भरले, विमानं अडकली
बँकेत आयात-निर्यातीचे कागद तपासण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. त्यामुळे लढाऊ विमानांच्या व्यवहारातही माझी नजर आधी हप्त्यांकडे जाते. पाकिस्तानच्या एफ-१६चंच घ्या. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात शिरल्या आणि अमेरिकेला इस्लामाबाद अचानक जवळचं वाटू लागलं. १९८१ मध्ये ४० विमानांचा सौदा ठरला. पहिली १९८३ साली पोचली.

अमेरिकी कायद्यातल्या १९८५ च्या प्रेसलर दुरुस्तीने अट घातली: पाकिस्तानकडे अणुबॉम्ब नाही, असं राष्ट्राध्यक्षांनी दरवर्षी लिहून द्यायचं. रेगन यांनी दिलं, थोरल्या बुश यांनीही एकदा दिलं. १९८९ मध्ये सोव्हिएत सैन्य परत गेलं आणि १९९० मध्ये बुश यांची लेखणी अडली; विक्रीवर बंदी आली. (बॉम्ब काय त्याच वर्षी उगवला होता?)

दरम्यान पुढच्या मागणीतली २८ विमानं तयार झाली, ती थेट ॲरिझोनाच्या वाळवंटात उभी राहिली. बंदीनंतरही काही काळ हप्ते जातच राहिले, कारण कारखान्याशी झालेला करार मोडायचा नव्हता. एकूण भरणा सुमारे ६५ कोटी डॉलर. वर विमानं ठेवण्याचं भाडंही मागितलं गेलं! आमच्याकडे असा कागद आला असता, तर मी तो साहेबांच्या टेबलावर आपटला असता.

१९९८ च्या अखेरीस तडजोड झाली: काही रोकड, काही गहू. तीच विमानं न्यूझीलंडने भाड्याने घ्यायचं ठरवलं. २००० मध्ये तिथल्या हेलन क्लार्क यांच्या सरकारने ते रद्द केलं. शेवटी अमेरिकी नौदलाने आणि हवाई दलाने ती स्वतःच वापरायला घेतली.