बाळंतिणीच्या मरणाची मोजदाद : सरासरीआड लपलेली जात

वर्षावासात आमच्या ठाकुर्लीच्या वस्तीत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन चालते. सिद्धार्थ सात दिवसांचा असताना महामाया गेल्या, हा भाग वाचून झाला तेव्हा आम्ही समोर बसलेल्या बायांना विचारले, "तुमच्या बहिणींपैकी कोणी बाळंतपणात गेलं का?" थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग नगर जिल्ह्यातून लग्न होऊन इकडे आलेल्या एक आजी म्हणाल्या, "थोरली गेली, चौथ्या खेपेला. तिचं नाव शाळंत लिवलं न्हाई अन् मेल्यावर चावडीतबी लिवलं न्हाई." त्यानंतर आणखी काही जणी बोलत्या झाल्या.

महामायांच्या मृत्यूची नोंद अडीच हजार वर्षे टिकली, कारण त्या राजघराण्यातल्या होत्या. आजींच्या बहिणीची नोंद एक दिवसही टिकली नाही. कोणाचे मरण मोजायचे आणि कोणाचे नाही, हे आपल्या देशात कोण ठरवत आले आहे, याचा इतिहास आम्हाला इथे मांडायचा आहे.

सुरुवात शेजारच्याच कल्याणपासून करू. १८६५ साली आनंदीबाई जोशी यांचा जन्म कल्याणला झाला. चौदाव्या वर्षी त्या बाळंत झाल्या आणि त्यांचे मूल दहा दिवसांत गेले. या दुःखातून त्या डॉक्टर व्हायला अमेरिकेत गेल्या आणि १८८६ साली फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून पदवीधर झाल्या. त्यांच्या जिद्दीला आम्ही मनापासून मानतो. पण त्यांच्या प्रबंधाचा विषय होता 'आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र', आणि त्याचा आधार होते जुने संस्कृत ग्रंथ. ज्या बायांबद्दल त्या ग्रंथांत अवाक्षर नाही, त्यांची बाळंतपणे त्या अभ्यासाबाहेरच राहिली. हा दोष एका मुलीचा नाही, तिला उपलब्ध असलेल्या ज्ञानाचा आहे.

गंमत पाहा, प्रत्यक्षात बाळंतपणे करत कोण होते? अनेक गावांत मांग-महार समाजातल्या सुइणी. बाळंतिणीचा विटाळ, नाळ, रक्त ही कामे 'खालच्या' हातांची. ज्या हातांनी सगळ्या गावाची लेकरे जगात आणली, त्याच हातांच्या बायका स्वतः अडल्या तेव्हा त्यांच्याकडे कोण धावले? पुढे इंग्रजी राजवटीत बाळंतिणींच्या मरणाची चर्चा सुरू झाली आणि दोष टाकला गेला तो 'अडाणी, घाणेरड्या दाई'वर. उपाशी पोट, बंद पाणवठे आणि दवाखान्याच्या दारातली अस्पृश्यता यांच्यावर फारसा कोणी ठपका ठेवला नाही.

हा प्रश्न दयेच्या कक्षेतून काढून हक्काच्या कक्षेत आणला तो बाबासाहेबांनी. २८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना त्यांनी बाळंतपणाआधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि त्याचा भार मोठ्या प्रमाणात सरकारने उचलला पाहिजे, असे मांडले. १९२९ साली मुंबई प्रांताचा कायदा झाला, पण तो कारखान्यातल्या बायांपुरता होता. शेतमजूर बाई त्याच्या बाहेर राहिली. १० नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्षाचे पी. जे. रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव मांडला, त्यामागचे भाषण बाबासाहेबांचे होते. सभागृहाने तो फेटाळला. १९४३ साली मजूरमंत्री म्हणून बाबासाहेबांनी खाण कामगार बायांच्या प्रसूती लाभाच्या कायद्यातली दुरुस्ती मांडली. १९४६ च्या भोर समितीने अंदाज दिला की दर हजार जन्मांमागे सुमारे २० आया मरतात, म्हणजे वर्षाला सुमारे दोन लाख. पण हा अंदाज होता. नावे, गावे, जाती त्यात नव्हत्या.

स्वातंत्र्यानंतर मोजदादीची दोन साधने उभी राहिली. एक, १९६९ चा जन्म-मृत्यू नोंदणी कायदा. दुसरे, साधारण त्याच काळात देशभर लागू झालेली नमुना नोंदणी योजना. या योजनेत निवडक गावे आणि शहरी विभागांतील ८० लाखांहून अधिक लोकसंख्येतले जन्म-मृत्यू सतत नोंदवले जातात. माता मृत्यूचे सरकारी प्रमाण इथून येते. २०१९-२१ साठी ते दर लाख जिवंत जन्मांमागे देशात ९३ आणि महाराष्ट्रात ३८ आहे. २०१४-१६ मध्ये देशाचा आकडा १३० आणि महाराष्ट्राचा ६१ होता. ही घट खरी आहे आणि आम्ही ती नाकारत नाही. आशाताई, नर्सताई, १०८ ची रुग्णवाहिका यांचे श्रम त्यामागे आहेत.

पण या ३८ मध्ये कातकरी बाई किती, बौद्ध बाई किती, मराठा बाई किती, ब्राह्मण बाई किती? मोखाड्याचा आकडा किती आणि डोंबिवलीचा किती? अहवालात याचे उत्तर नाही. कारण सांगितले जाते की अशा मृत्यूंची संख्या कमी असते. ते गणित खरे आहे. वर्षाला पाचशे बाळंतपणे होणाऱ्या भागात ३८ च्या दराने साधारण पाच वर्षांत एक मृत्यू दिसेल. म्हणून तीन-तीन वर्षांची माहिती एकत्र करून फक्त राज्याची सरासरी काढतात. पण सरासरी म्हणजे काय? वरच्या मजल्यावरच्या आणि तळघरातल्या माणसांची उंची एकाच फूटपट्टीने मोजून 'घर ठीक आहे' असे सांगणे.

आता पश्चिम महाराष्ट्रातल्या एका अभ्यासाकडे वळू. १९९३ ते १९९५ या काळात गणात्रा, कोयाजी आणि राव या संशोधकांनी ४०० गावांत बाळंतपणाशी जोडलेले मृत्यू शोधले. ते सरकारी रजिस्टरवर विसंबले नाहीत, वेगवेगळ्या मार्गांनी माहिती काढली. १२१ मृत्यू सापडले. १९९८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या पत्रिकेत हा अभ्यास आला. निष्कर्ष असा की दोन तृतीयांशांहून अधिक मृत्यू सरकारी दप्तरात नीट नोंदलेलेच नव्हते. हे घडले पुढारलेल्या, साखर कारखान्यांच्या, सहकाराच्या पश्चिम महाराष्ट्रात!

याच अभ्यासाने आणखी दोन गोष्टी उघड केल्या. मेलेल्या बायांना वाचलेल्या बायांपेक्षा जास्त दूर जावे लागले होते आणि जास्त दवाखाने फिरावे लागले होते. प्रत्येकाने 'पुढे न्या' म्हटले. आणि गरोदरपणातल्या मृत्यूंचे दुसऱ्या क्रमांकाचे कारण होते घरातली मारहाण. जागतिक व्याख्येनुसार माता मृत्यू म्हणजे गरोदरपणात किंवा ते संपल्यावर ४२ दिवसांत, त्या अवस्थेशी संबंधित कारणाने आलेला मृत्यू. अपघाती किंवा आनुषंगिक कारणे वगळली जातात. म्हणजे नवऱ्याच्या माराने गेलेली गरोदर बाई साधारणपणे या आकड्यात येतच नाही. व्याख्या वैद्यकीय आहे, पण तिच्या कुंपणाबाहेर पुरुषसत्ता मोकळी सुटते.

त्या अभ्यासात असेही दिसले की स्वतःच्या गावात असणे, गावात नर्स राहत असणे, आजारपणात माहेरी असणे या गोष्टी बाईला वाचवतात. आता आमच्या ठाणे-पालघरचा विचार करा. दिवाळीनंतर जव्हार, मोखाडा, शहापूर, मुरबाड भागातली कातकरी, वारली कुटुंबे भिवंडी-कल्याण पट्ट्यात वीटभट्टीवर येतात. तिथे गरोदर बाईला ना गाव, ना माहेर, ना ओळखीची आशाताई. अडली तर एका दवाखान्यातून दुसऱ्यात, तिथून ठाण्याला किंवा मुंबईला. कायद्याने मृत्यूची नोंद जिथे मृत्यू झाला तिथे होते. दाखल्यावर नुसता 'ताप' किंवा 'रक्तक्षय' लिहिला आणि गरोदरपण लिहायचे राहिले, तर ती आई म्हणून मेली हेसुद्धा पुसले जाते. पाडा म्हणतो 'ती शहरात गेली', शहर म्हणते 'ती इथली नव्हती'.

काही मित्र विचारतात, रक्तस्रावाला जात असते का? रक्तस्रावाला नसते, रस्त्याला, दवाखान्याच्या अंतराला, ताटातल्या भाकरीला आणि डॉक्टरच्या वागणुकीला असते. अमेरिकेत वंशानुसार आकडे छापले जातात, म्हणून जगाला कळले की २०२१ साली तिथे दर लाख जन्मांमागे काळ्या आयांचे मृत्यू ६९.९ आणि गोऱ्या आयांचे २६.६ होते. आकडा छापला म्हणून अन्याय संपला नाही, पण तो नाकारायची सोय संपली. आपल्याकडे जातवार आकडा न छापण्याने ही सोय शाबूत राहते.

मोजता येत नाही, हे कारणही आता टिकत नाही. नोंदी नसतील तिथे भावंडांना त्यांच्या बहिणींविषयी विचारून अंदाज काढायची पद्धत १९८९ पासून जगाला माहीत आहे. आमचा विहारातला प्रश्न हे काही संशोधन नव्हते, पण प्रश्न तोच होता. शेजारच्या नेपाळने २०२१ च्या जनगणनेत घरातल्या बायांच्या मृत्यूंची आणि त्या वेळच्या गरोदरपणाची विचारणा केली, नंतर आरोग्य कर्मचारी त्या घरी पाठवून कारणे तपासली आणि १५१ हा आकडा जाहीर केला. आपल्याहून गरीब देशाला जमते ते आपल्याला का जमू नये?

पुढच्या जनगणनेत जातीची नोंद करण्याचा निर्णय केंद्र सरकारने ३० एप्रिल २०२५ रोजी जाहीर केला आहे. म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे. त्याच जनगणनेत नेपाळसारखा माता मृत्यूचा प्रश्न घाला. प्रत्येक माता मृत्यूच्या सरकारी तपासणीत जात-जमात, मूळ गाव, स्थलांतर आणि किती दवाखाने फिरावे लागले हे लिहा. नाव गुप्त ठेवा, पण जिल्हावार गोषवारा दरवर्षी छापा. घरातल्या हिंसेने गेलेल्या गरोदर बाईचा वेगळा रकाना ठेवा.

आणि सरकार करेपर्यंत आपण काय करायचे? प्रत्येक विहारात, प्रत्येक महिला मंडळात हा प्रश्न विचारा आणि एक वही ठेवा. आमच्या वहीच्या पहिल्या पानावर आता आजींच्या थोरल्या बहिणीचे नाव आहे. ते सांगताना आजींना आधी आठवेना, कारण सगळे तिला नुसते 'थोरली' म्हणायचे. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या मुद्दाम आमच्याकडे आल्या आणि नाव सांगून गेल्या.

जय भीम!