शिम्बाशीच्या चौकांतील कुस्ती

१९५४ सालच्या फेब्रुवारीची १९ तारीख. टोकियो शहरांतील शिम्बाशी स्टेशनासमोरच्या चौकांत त्या संध्याकाळीं माणसांची एवढी दाटी झाली कीं, ती २०,००० च्या घरांत होती असें सांगतात. साऱ्यांच्या नजरा उंचावर बसविलेल्या एका लहानशा दूरचित्रवाणीच्या पेटीकडे लागल्या होत्या. पेटींत दिसत होती ती पाश्चात्य धर्तीची धंदेवाईक कुस्ती. आणि जमलेल्यांपैकीं बहुतेकांनीं ती जन्मांत कधीं पाहिलेली नव्हती.

सूमो ही जपानची घरची मल्लविद्या. तींत वर्तुळाबाहेर पाऊल पडलें, किंवा तळपायाखेरीज अंगाचा कोणताही भाग भूमीस लागला कीं निकाल झाला; बहुधा कांहीं क्षणांतच. येथें मात्र चौकोनी मंचाभोंवतीं दोर, दोन्ही बाजूंस दोन दोन मल्ल, आणि थकलेल्यानें सोबत्याच्या हातावर थाप देऊन बाहेर यावयाचें. असल्या अपरिचित खेळाचा नाद नवख्या माणसास एका रात्रींत कसा लागावा?

उत्तर मंचावरच उभें होतें. समोर आलेले बेन आणि माइक हे शार्प बंधू धिप्पाड गोरे मल्ल होते. वस्तुतः ते कॅनडाचे. पण चौकांतल्या लोकांच्या लेखीं ते अमेरिकनच. अमेरिकनांचा लष्करी अंमल जपानवरून उठून पुरतीं दोन वर्षेंही झालीं नव्हतीं. जूदोचा नामांकित वीर किमुरा मासाहिको त्यांच्या हातून मार खाई, लोक हळहळत. मग त्याचा जोडीदार रिकिदोझान पुढें सरसावे आणि पंजाच्या कडेनें छातीवर तडाख्यामागून तडाखे हाणी. गोरा मल्ल कोलमडला कीं चौक दणाणून जाई. हें समजण्यास नियम ठाऊक असावे लागत नाहींत. एक तासाच्या झुंजीनंतर कुस्ती बरोबरीनें सुटली, तरी लोक दुसऱ्या दिवशीं पुन्हां हजर!

यामागें व्यवहारही होता. शोरिकी मात्सुतारो या वृत्तपत्रमालकाची खासगी दूरचित्रवाणी १९५३ च्या ऑगस्टांत सुरू झाली. पेटीची किंमत नोकरदाराच्या अनेक महिन्यांच्या पगाराइतकी; ती घरीं कोण घेणार? तेव्हां शोरिकीनें पेट्या चौकाचौकांत मांडल्या. प्रेक्षक जमले म्हणजे जाहिरातदार आपण होऊन येतात, हें त्याचें गणित अचूक ठरलें.

आतां या राष्ट्रवीराविषयीं. रिकिदोझानचा जन्म कोरियांतला, खरें नांव किम सिन-राक. सूमोंत तो सेकिवाके पदापर्यंत चढला आणि १९५० सालीं त्यानें आपली शेंडी स्वतःच कापून तो आखाडा सोडला. जाहीर चरित्रांत मात्र त्याचें जन्मस्थान नागासाकी प्रांतांतील ओमुरा असेंच छापलें जाई. कोरियन माणसास जपानांत काय वागणूक मिळे हें तो जाणून होता. त्यास लबाड म्हणणें सोपें आहे, पण न्यायाचें नाहीं.

प्रेक्षकांच्या निष्ठेची दुसरी परीक्षा त्याच वर्षीं २२ डिसेंबरला झाली. त्या दिवशीं रिकिदोझान आणि किमुरा हे जोडीदारच एकमेकांसमोर उभे राहिले. कुस्ती बरोबरींत सोडवावयाची असें आधीं ठरलें होतें, असें किमुरानें पुढें सांगितलें. मध्येंच रिकिदोझाननें खऱ्याच जोरानें प्रहार केले आणि किमुरा रक्तबंबाळ होऊन पडला. ठरलेलें काय आणि खरें काय, हा संशय तेव्हांपासून या खेळाच्या चाहत्याच्या पाठीशीं लागला तो कायमचा. नवल असें कीं, त्यानें गोडी कमी झाली नाहीं. चाहता दोन्ही डोळ्यांनीं पाहूं लागला, एवढेंच.

१९५५ सालीं रिकिदोझाननें किंगकाँगला हरविलें. हा किंगकाँग दारासिंगचा प्रतिस्पर्धी म्हणून मुंबईकरांच्याही ओळखीचा. १९६३ च्या २४ मे रोजीं बुरखाधारी ‘डिस्ट्रॉयर’शीं झालेली त्याची झुंज तर दूरचित्रवाणी असलेल्या शेंकडा ६४ घरांत पाहिली गेली. तोंवर पेट्या चौकांतून घरोघर पोंचल्या होत्या. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत टोकियोच्या एका रात्रगृहांत कोणा गुंडानें त्यास भोसकलें, आणि १५ तारखेस वयाच्या ३९ व्या वर्षीं तो वारला.

त्याचे शिष्य बाबा आणि इनोकी एकाच दिवशीं, १९६० सालीं, मंचावर उतरले होते. १९७२ सालीं दोघांनीं वेगवेगळ्या संस्था काढल्या आणि चाहत्यांत दोन तट पडले. गुरूची समाधि टोकियोच्या इकेगामी भागांतील होनमोन्जी देवळाच्या आवारांत आहे. तेथें हातांची घडी घातलेला त्याचा अर्धपुतळा आहे. आजच्या नव्या चाहत्यास त्याचें कोरियन नांव पुस्तकांतून सहज कळतें. शिम्बाशीच्या चौकांत ओरडून घसा बसलेल्यांना मात्र तें ठाऊक नव्हतें.